जंगल, लेणी आणि सरकारी उद्याने: मुंबईकरांसाठी प्रवेशशुल्क आणि पास यांचे सविस्तर मार्गदर्शन

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या मुख्य फाटकावर माणशी तिकीट काढून आत गेलेले कुटुंब सहा-सात किलोमीटरवरच्या कान्हेरी लेण्यांपाशी पोहोचते, तेव्हा त्याच्यासमोर आणखी एक तिकीटखिडकी येते. ‘आत्ताच तर तिकीट काढलं’ असे कोणी म्हटले तर उत्तर सरळ असते: ते वनखात्याचे होते, हे पुरातत्त्व खात्याचे आहे. मुंबई आणि परिसरातल्या सार्वजनिक जागांच्या प्रवेशशुल्काबाबत जो गोंधळ होतो, त्याचे मूळ बहुतेक वेळा याच ठिकाणी असते. आपण ‘नॅशनल पार्कला’ किंवा ‘घारापुरीला’ जातो, म्हणजे एका ठिकाणी जातो असे आपल्याला वाटते; पण त्या एका ठिकाणी दोन किंवा तीन यंत्रणांचे हक्क एकमेकांना लागून असतात आणि प्रत्येक यंत्रणा आपापल्या कायद्याखाली आपापले शुल्क घेते. सर्व उद्याने, अभयारण्ये आणि स्मारके यांत चालेल असा एकच वार्षिक पास आपल्याकडे नाही. त्यामुळे सहलीची आखणी ‘तिकीट किती’ या प्रश्नापासून करण्याऐवजी ‘ती जागा कोणाच्या ताब्यात आहे’ या प्रश्नापासून करावी. त्याचे उत्तर मिळाले की बंदचा वार, सवलती, पासची सोय आणि तक्रार कोणाकडे करायची, हे सर्व त्यापाठोपाठ कळते.

पहिली पायरी: जागा कोणाच्या ताब्यात आहे हे ओळखणे

राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्ये वनखात्याकडे असतात. तिथल्या प्रवेशाला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू होतो आणि या कायद्याची भूमिका आपल्या सवयीच्या नेमकी उलट आहे. बाग सर्वांना खुली असते आणि काही गोष्टींना मनाई असते. अभयारण्य मात्र मुळात सर्वांना बंद असते आणि काही जणांना परवानगी असते. कायद्याच्या कलम २७ नुसार कामावर असलेला शासकीय सेवक, तिथे राहण्याची परवानगी असलेला माणूस, आत स्थावर मालमत्तेचा हक्क असलेला माणूस, सार्वजनिक महामार्गाने जाणारा प्रवासी आणि यांपैकी पहिल्या तिघांवर अवलंबून असलेले लोक एवढेच परवान्याविना आत जाऊ शकतात. बाकीच्यांना कलम २८ खाली परवाना लागतो आणि तो वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन किंवा आत राहणाऱ्या व्यक्तीशी कायदेशीर व्यवहार अशा ठरावीक कारणांसाठी, विहित शुल्क घेऊन दिला जातो. फाटकावर आपल्या हाती पडणारी पावती म्हणजे पर्यटनासाठी दिलेला हाच परवाना होय. करमणुकीच्या तिकिटासारखी ती वागवली की पुढचे बरेच वाद उद्भवतात, कारण परवान्याला वेळ, मार्ग आणि अटी जोडलेल्या असतात.

महामार्गाची ही सवलत पाहायची असेल, तर पनवेल तालुक्यातले कर्नाळा पक्षी अभयारण्य हे चांगले उदाहरण आहे. मुंबई–गोवा महामार्ग त्या अभयारण्यातूनच जातो. रोज हजारो वाहने तिथून एक पैसाही न भरता जातात आणि ते पूर्णपणे कायदेशीर आहे. मात्र तीच गाडी कडेला लावून कर्नाळा किल्ल्याची वाट धरली की फाटकावर शुल्क भरणे बंधनकारक होते. रस्त्याकडेला थांबून झाडीत शिरणाऱ्यांना हा फरक अनेकदा वनरक्षकाकडूनच समजतो.

केंद्रीय संरक्षित लेणी, किल्ले आणि मंदिरे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे असतात आणि त्यांना १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा व त्याखालचे नियम लागू होतात. या विभागाकडे देशभरात साडेतीन हजारांहून अधिक स्मारके असली, तरी तिकीट दीडशेच्या आसपास स्मारकांनाच आहे. घारापुरी, कान्हेरी, कार्ला, भाजे, लोहगड, रायगड आणि अलिबागचा कुलाबा किल्ला येथे तिकीट लागते. बोरिवलीचे मंडपेश्वर लेणे आणि जोगेश्वरीचे लेणे मात्र तितकेच संरक्षित असूनही विनाशुल्क पाहता येते. म्हणजे केवळ निळा संरक्षण-फलक दिसला म्हणून शुल्क असेलच असे नाही आणि फलकाजवळ उभे राहून कोणी पैसे मागितले तर ते योग्यच आहेत असेही नाही. कार्ल्याला आणखी एक बारकावा आहे. एकवीरा देवीचे मंदिर चैत्यगृहाला, म्हणजे लेण्यातल्या बौद्ध प्रार्थनागृहाला, अगदी लागून आहे. देवीच्या दर्शनाला तिकीट नाही, चैत्यगृह पाहायला आहे, आणि नवसाला गेलेल्या कुटुंबांची तिथे नेहमी द्विधा होते.

महापालिकेच्या जागा ओळखायला सोप्या आहेत. भायखळ्याचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, म्हणजे आपली राणीची बाग, आणि मलबार हिलवर मार्च २०२५ मध्ये खुला झालेला निसर्ग उन्नत मार्ग, या दोन्ही ठिकाणचे दर मुंबई महानगरपालिका ठरवते. राणीच्या बागेच्या आवारातले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय मात्र वेगळे असून त्याचे तिकीटही वेगळे आहे.

उरतात स्थानिक स्वराज्य संस्था आणि गावातल्या समित्या. घारापुरी बेटावर ग्रामपंचायत प्रवाशांकडून किरकोळ कर घेते. माथेरानला गिरिस्थान नगरपरिषद दस्तुरी नाक्यावर प्रवासी कर घेते. अभयारण्यातल्या ट्रेकच्या पायथ्याच्या गावांत ग्राम परिस्थितिकीय विकास समिती आणि इतर वनक्षेत्रात संयुक्त वन व्यवस्थापन समिती वनखात्याच्या वतीने शुल्क गोळा करते. कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात जाणाऱ्या मुंबईच्या ट्रेकर मंडळींना पाचनई किंवा खिरेश्वरच्या नाक्यावर भेटतात ते बहुधा याच समितीचे लोक. त्यांच्या अंगावर गणवेश नसतो, म्हणून ते कोणीतरी उपटसुंभ आहेत असे समजून हुज्जत घालणे चुकीचे आहे. त्यांच्याकडे छापील पावती असेल तर पैसे भरावेत.

दुसरी पायरी: बंदचा वार आणि वेळ

तिकीट कितीही स्वस्त असले तरी बंद दिवशी गेलेली सहल सर्वांत महाग पडते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पर्यटकांसाठी सोमवारी बंद असते. कान्हेरी आणि घारापुरीची लेणीही सोमवारीच बंद असतात. राणीची बाग बुधवारी बंद असते, पण बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर ती त्या दिवशी खुली राहते आणि दुसऱ्या दिवशी बंद ठेवली जाते. त्यामुळे बुधवारच्या सुट्टीनंतरचा गुरुवार हा या बागेसाठी फसवा दिवस आहे. ताडोबाच्या गाभा क्षेत्राची सफारी मंगळवारी बंद असते. विदर्भाची रेल्वे तिकिटे काढण्याआधी हे पाहावे.

वेळेबाबत एवढेच लक्षात ठेवावे की फाटक बंद होण्याची वेळ आणि तिकीटखिडकी बंद होण्याची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि खिडकी आधी बंद होते. बोरिवली स्थानकातून दुपारी उशिरा निघून कान्हेरी गाठण्याचा बेत याच कारणाने फसतो, कारण मुख्य फाटकावर आत सोडले गेले तरी लेण्यांच्या खिडकीपर्यंत पोहोचायला आतल्या बसची वाट पाहावी लागते आणि लेणी पाच वाजता बंद होतात.

तिसरी पायरी: एकूण खर्चाचा हिशेब

पुरातत्त्व विभागाच्या तिकिटांचे दोन मुख्य गट आहेत. जागतिक वारसास्थळे आणि तत्सम महत्त्वाची स्मारके पहिल्या गटात येतात. तिथे भारतीय नागरिकाला रोख ४० रुपये आणि डिजिटल पद्धतीने ३५ रुपये पडतात, तर परदेशी पाहुण्याला रोख ६०० आणि डिजिटल ५५० रुपये. दुसऱ्या गटात भारतीयाला रोख २५ व डिजिटल २० रुपये आणि परदेशी पाहुण्याला रोख ३०० व डिजिटल २५० रुपये अशी विभागणी आहे. १९८७ पासून जागतिक वारसा यादीत असलेली घारापुरीची लेणी पहिल्या गटात आहेत आणि कान्हेरी दुसऱ्या. पंधरा वर्षांखालील मुलांना दोन्ही ठिकाणी तिकीट नाही.

आता आजी-आजोबा, आई-वडील, चौदा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा असे सहा जणांचे कुटुंब रविवारी घारापुरीला निघाले आहे असे समजू. गेटवे ऑफ इंडियापाशी लाँचचे जाण्या-येण्याचे तिकीट काढावे लागते आणि परतताना तेच दाखवावे लागत असल्याने ते पाकिटात नीट ठेवावे. लाँचवर चढल्यावर वरच्या मजल्यावर बसायचे असेल तर तिथेच वेगळे पैसे मागितले जातात; हे ऐच्छिक आहे, खाली बसले तर द्यावे लागत नाहीत. १८ डिसेंबर २०२४ च्या बोट-अपघातानंतर जीवरक्षक जाकिटांबाबत काटेकोरपणा आला आहे. त्याचे वेगळे शुल्क नसते. जाकीट मिळाले नाही तर मागून घ्यावे. तासाभराने बेटावरच्या धक्क्याला उतरल्यावर छोटी गाडी उभी असते. तिचे तिकीट ऐच्छिक आहे, पण गुडघे दुखणाऱ्या आजीसाठी ते काढावे, कारण पुढे शंभराहून अधिक पायऱ्या आहेत. त्यानंतर ग्रामपंचायतीचा कर, आणि पायऱ्या संपल्यावर पुरातत्त्व विभागाची खिडकी. या शेवटच्या खिडकीवर सहांपैकी चौघांचेच तिकीट लागते: रोखीने १६० रुपये, डिजिटल पद्धतीने १४०. दोन्ही मुले विनामूल्य. आजी-आजोबांना वेगळी सवलत नाही, ही गोष्ट अनेकांना खटकते. पण तो नियम खिडकीतल्या कर्मचाऱ्याने केलेला नाही.

थोडक्यात, ‘घारापुरीचे तिकीट चाळीस रुपये’ ही माहिती खरी असूनही घरातून निघताना निरुपयोगी आहे. सर्वांत मोठा खर्च लाँचचा, आणि सर्वांत अनपेक्षित खर्च त्या पंचायतीच्या टेबलाचा. तिथे सुटे पैसे लागतात. बेटावर आणि कान्हेरीच्या डोंगरावर मोबाइलचे नेटवर्क दगा देते, त्यामुळे डिजिटल सवलतीवर विसंबून खिशात नोट न ठेवणे शहाणपणाचे नाही. तिकीट आधीच ऑनलाइन काढले असेल तर त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा.

कान्हेरीचा हिशेब त्या मानाने सोपा आहे: उद्यानाच्या फाटकावर माणशी शुल्क, वाहन असेल तर त्याचे शुल्क, आतल्या बसचे किंवा भाड्याच्या सायकलचे पैसे, आणि लेण्यांच्या पायथ्याशी पुरातत्त्व विभागाचे तिकीट. व्याघ्र आणि सिंह सफारीचे तिकीट यात धरलेले नाही. ते आत वेगळे काढावे लागते. उद्यानाचे स्वतःचे दर वेळोवेळी बदलतात, म्हणून जुन्या लेखांतले किंवा व्हॉट्सॲपवर फिरणारे आकडे धरून चालू नये. फाटकावरचा ताजा दरफलकच प्रमाण मानावा. माझ्या मते या सहलीत खाजगी वाहन आत नेणे फारसे परवडत नाही. बोरिवली स्थानकाच्या पूर्वेला उतरून चालत फाटक गाठणे आणि पुढे आतली बस घेणे हे पैशाच्या आणि जंगलाच्या, दोन्हींच्या हिताचे आहे.

चौथी पायरी: वय, नागरिकत्व आणि सवलती

सवलतीच्या बाबतीत सर्वांत जास्त घोळ वयाचा होतो, कारण प्रत्येक यंत्रणेची रेषा वेगळ्या ठिकाणी आहे. वरच्या उदाहरणातली चौदा वर्षांची मुलगी घारापुरीला लहान ठरते, पण राणीच्या बागेत ती प्रौढ धरली जाते. राणीच्या बागेच्या २०१७ साली ठरलेल्या दरांनुसार बारा वर्षांवरील व्यक्तीला ५० रुपये, तीन ते बारा वर्षांच्या मुलाला २५ रुपये, आणि आई-वडील व बारा वर्षांपर्यंतची दोन मुले अशा चौघांच्या कुटुंबाला मिळून १०० रुपये आकारले जातात. म्हणजे हेच आई-वडील या दोन मुलांना घेऊन गेले तर शंभराच्या कुटुंब तिकिटात ती बसत नाहीत. मुलगी धरून तिघांचे दीडशे आणि मुलाचे पंचवीस, असे एकशे पंचाहत्तर द्यावे लागतात. पंधरा वर्षांच्या उंबरठ्यावर असलेल्या, उंचीने मोठ्या दिसणाऱ्या मुलांच्या आधार कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये असावा. पुरातत्त्वच्या खिडकीवर तो कामी येतो.

अमेरिकेहून किंवा दुबईहून सुट्टीला आलेले नातेवाईक सोबत असतील तर पुढील भेद लक्षात घ्यावेत. भारतीय पारपत्र असलेला अनिवासी भारतीय हा भारतीय नागरिकच आहे. त्याला भारतीय दरच लागू होतो. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या, पण ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असलेल्या व्यक्तींनाही केंद्र सरकारच्या ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार राष्ट्रीय उद्याने, अभयारण्ये, राष्ट्रीय स्मारके आणि संग्रहालये यांच्या प्रवेशशुल्कात भारतीय नागरिकांसारखेच वागवायचे आहे. कार्ड घरी ठेवून नुसते ‘आम्ही मूळचे दादरचे’ असे सांगून मात्र उपयोग होत नाही; मूळ कार्ड दाखवावे लागते. सार्क (दक्षिण आशियाई) आणि बिमस्टेक (बंगालच्या उपसागराभोवतालच्या) देशगटांच्या नागरिकांना पुरातत्त्व विभागाच्या स्मारकांत भारतीय दर आहे, त्यांनी पारपत्र जवळ ठेवावे.

पुरातत्त्व विभाग साधारणपणे १८ एप्रिलला, म्हणजे जागतिक वारसा दिनी, आणि १९ नोव्हेंबरला, वारसा सप्ताहाच्या पहिल्या दिवशी, तिकीट माफ करतो. माफी फक्त त्या विभागाच्या तिकिटाला असते. त्या दिवशी कान्हेरीला गेले तरी वनखात्याचे शुल्क भरावेच लागते, आणि घारापुरीच्या लाँचवाल्याला वारसा दिनाशी काही देणेघेणे नसते.

पाचवी पायरी: नियमित जाणाऱ्यांसाठी पास

बोरिवली, दहिसर, कांदिवली आणि भायखळा परिसरातल्या ज्या लोकांना रोज सकाळी उद्यानात चालायला जायचे आहे, त्यांनी दररोज तिकीट काढणे व्यर्थ आहे. राष्ट्रीय उद्यान आणि राणीची बाग या दोन्ही ठिकाणी प्रभातफेरीसाठी मुदतीचे पास दिले जातात. पास काढायला जाताना आधार कार्डाची प्रत, राहत्या पत्त्याचा पुरावा आणि पारपत्र आकाराची दोन छायाचित्रे सोबत न्यावीत, आणि शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी कार्यालयीन वेळेत जावे; रविवारी सकाळी फाटकावर जाऊन पासची चौकशी केली तर कर्मचारी रांगेकडेच बघत राहतात.

पास घेण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे तो आपल्याला खरोखर परवडतो का. पासची रक्कम एका दिवसाच्या तिकिटाने भागावी. येणारा आकडा म्हणजे किमान किती फेऱ्या झाल्या तर पास वसूल होईल ते. पावसाळ्यातले बुडणारे दिवस आणि साप्ताहिक सुट्टीचे दिवस वजा करून तेवढ्या फेऱ्या होतात का, याचा प्रामाणिक विचार करावा. जानेवारीत संकल्पाच्या भरात वार्षिक पास काढणाऱ्यांपेक्षा आधी महिन्याचा पास काढून पाहणारे अधिक व्यवहारी म्हणावे लागतील.

दुसरी गोष्ट म्हणजे पासमध्ये काय बसत नाही. प्रभातफेरीचा पास ठरलेल्या सकाळच्या वेळेपुरता असतो. त्यावर दुपारी पाहुण्यांना फिरवायला नेता येत नाही. तो छायाचित्रासह एका व्यक्तीच्या नावाचा असल्याने घरातल्या दुसऱ्याला वापरता येत नाही. सफारी, वाहन आणि कान्हेरीचे पुरातत्त्व तिकीट त्यात धरलेले नसते. आणि पासधारकालाही जंगलातल्या आडवाटांवर जाण्याचा अधिकार मिळत नाही. बिबट्यांचा वावर असलेल्या राष्ट्रीय उद्यानात पहाटेच्या अंधारात डांबरी रस्ता सोडू नये, ही अट कागदावर शोभेसाठी लिहिलेली नाही.

सहावी पायरी: आगाऊ नोंदणी कुठे अटळ आहे

मलबार हिलचा निसर्ग उन्नत मार्ग सुमारे ४८५ मीटर लांब आहे आणि तिथे एकेका तासाच्या खेपेत ठरावीक संख्येनेच लोकांना सोडले जाते. भारतीयांना २५ रुपये आणि परदेशी पाहुण्यांना १०० रुपये, असे खुला झाला तेव्हाचे दर आहेत. नोंदणी ऑनलाइन करून मिळालेला क्यूआर कोड दाखवून आत जायचे असते. कमला नेहरू उद्यानात आलो आहोतच तर तेही पाहून घेऊ, असे रविवारी संध्याकाळी म्हणणाऱ्यांना त्या तासाची जागा मिळेलच असे नाही. पहाटे पाचची खेप मोकळी असते आणि पक्ष्यांसाठीही तीच चांगली.

ठाणे खाडीच्या रोहित (फ्लेमिंगो) अभयारण्याची नौकाफेरी ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून होते. हे अभयारण्य २०१५ साली जाहीर झाले आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. इथे नोंदणीपेक्षाही भरती-ओहोटी महत्त्वाची आहे: फेऱ्यांच्या वेळा पाण्याच्या पातळीवर ठरतात, त्यामुळे त्या रोज बदलतात, आणि शनिवार-रविवारचे दर इतर दिवसांपेक्षा जास्त असतात. ज्यांना एखादा दिवस रजा काढणे शक्य आहे, त्यांनी थंडीच्या दिवसांतला कामकाजाचा वार निवडावा. एका फेरीत पैसे वाचतात आणि नावेत गर्दी नसल्याने छायाचित्रेही नीट मिळतात.

राष्ट्रीय उद्यानातल्या शिलोंढा आणि नागला यांसारख्या निसर्गवाटांसाठी मुख्य फाटकाचे तिकीट पुरेसे नाही. तिथे उद्यानाकडे आधी नोंदणी करून, वेगळे शुल्क भरून, मार्गदर्शकासोबतच जावे लागते. समाजमाध्यमांवर ‘गुप्त धबधबा’ म्हणून यांपैकी एखादी वाट कोणी दाखवली, म्हणून थेट तिथे जाणे म्हणजे विनापरवाना प्रवेश ठरतो. ताडोबासारख्या व्याघ्र प्रकल्पांत नोंदणी करताना प्रत्येक प्रवाशाचे नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक द्यावा लागतो. फाटकावर तेच ओळखपत्र मूळ स्वरूपात मागतात, त्यामुळे नोंदणी आधारवर करून प्रत्यक्षात फक्त पॅन कार्ड घेऊन जाणे महागात पडू शकते.

तिकीट असूनही ज्याची वेगळी परवानगी लागते

स्मारकांत हातातल्या कॅमेऱ्याने किंवा मोबाइलने छायाचित्रे काढायला पुरातत्त्व विभाग पैसे घेत नाही. व्हिडिओ कॅमेऱ्यासाठी २५ रुपये आकारले जातात आणि तिपाई लावायची असेल किंवा व्यावसायिक चित्रण करायचे असेल तर आधी लेखी परवानगी लागते. लग्नाआधीचे छायाचित्रण हे कितीही कौटुंबिक वाटले तरी छायाचित्रकार पैसे घेऊन काम करत असल्याने ते व्यावसायिक धरले जाते. ड्रोन तर परवानगीशिवाय बॅगेतूनही बाहेर काढू नये.

तुळशी आणि विहार तलावांबाबतही असाच गैरसमज आहे. १८६० साली पूर्ण झालेला विहार आणि १८७९ चा तुळशी हे दोन्ही तलाव राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत असले तरी ते शहराला पाणी पुरवतात आणि महापालिकेच्या जल अभियंता खात्याच्या अखत्यारीत येतात. उद्यानाच्या तिकिटावर तलावाच्या काठी जाता येत नाही.

पावसाळ्यात तिकीट आणि पास या दोन्हींच्या वर आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली रायगड, ठाणे, पालघर आणि पुणे जिल्ह्यांत धबधबे, धरणे आणि काही गडवाटांवर असे आदेश काढले जातात. आदेश लागू असताना गावच्या समितीने पावती फाडून आत सोडले, तरी ती पावती पोलिसांपुढे चालत नाही. आदेशभंगाचा गुन्हा दाखल होऊ शकतो. जून ते सप्टेंबर या काळात निघण्यापूर्वी त्या जिल्ह्याच्या प्रशासनाची ताजी सूचना वाचावी. वन्यजीव कायद्यातील सर्वसाधारण उल्लंघनासाठी २०२२ च्या दुरुस्तीनंतर तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात; चाळीस-पन्नास रुपये वाचवण्यासाठी कुंपणाच्या फटीतून शिरणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

पावती, वाद आणि माहिती मागणे

पैसे दिले की पावती घ्यावी, आणि ती घेऊन खिशात कोंबण्याआधी वाचावी. वैध पावतीवर शुल्क घेणाऱ्या संस्थेचे किंवा समितीचे नाव, अनुक्रमांक, तारीख आणि रक्कम असते. वाहनाची पावती असेल तर वाहन क्रमांकही असतो. नुसता रबरी शिक्का मारलेला कोरा कागद, किंवा ‘वाहनतळ’ असे लिहिलेली पण कोणाचेच नाव नसलेली चिठ्ठी मिळाली, तर शांतपणे दरफलक दाखवायला सांगावे. बहुतेक वेळा एवढ्यानेच प्रश्न सुटतो. काही फाटकांवर प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि खाऊच्या पाकिटांची मोजणी करून अनामत घेतली जाते. त्या पावतीवर बाटल्यांची संख्या लिहिली आहे ना हे पाहावे, आणि परतताना खिडकी बंद होण्याआधी तिथे पोहोचावे, नाहीतर रिकाम्या बाटल्या आणि बुडालेली अनामत दोन्ही घरी येतात.

माथेरानला दस्तुरीपाशी वाहनतळाचे पैसे, नगरपरिषदेचा कर, आणि पुढे घोडा, ई-रिक्षा किंवा अमन लॉजहून सुटणारी शटल गाडी, असे तीन वेगळे व्यवहार काही पावलांच्या अंतरात होतात. इथे पावत्या एकत्र ठेवून द्याव्यात. घोडेवाल्याशी ठरलेल्या भाड्यात कर धरला आहे असे कोणी सांगितले तरी नगरपरिषदेची पावती स्वतःच्या हातात असावी.

शुल्क अवाजवी वाटले किंवा पावती नाकारली गेली, तर जागेवर आवाज चढवून फारसे काही हाती लागत नाही. तारीख, वेळ, ठिकाण आणि दिलेली रक्कम लिहून ठेवावी, शक्य असल्यास दरफलकाचे छायाचित्र घ्यावे, आणि जागा ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याकडेच लेखी तक्रार करावी: अभयारण्यासाठी वनपरिक्षेत्र अधिकारी, स्मारकासाठी पुरातत्त्व विभागाचे मंडल कार्यालय, गावातल्या करासाठी ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि त्यांच्यावरचे गटविकास अधिकारी. चुकीच्या कार्यालयात गेलेला अर्ज ‘आमच्या अखत्यारीत नाही’ या शेऱ्यासह परत येण्यात महिना जातो. शुल्क कोणत्या ठरावाने किंवा अधिसूचनेने लागू झाले, त्याची प्रत हवी असेल तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करावा. अर्जाचे शुल्क १० रुपये आहे आणि उत्तर साधारणपणे तीस दिवसांत मिळायला हवे. अर्जात ‘सर्व माहिती द्यावी’ असे मोघम न लिहिता, अमुक तारखेला अमुक नाक्यावर घेतलेल्या शुल्काच्या मंजुरी आदेशाची प्रत आणि मंजूर दरपत्रकाची प्रत, अशी नेमकी दोन कागदपत्रे मागावीत आणि आपल्या पावतीची छायाप्रत सोबत जोडावी.